न जुळणारे भाग

शिक्षणाचा हेतू केवळ माहितीचा साठा करणे हा नसून हात, डोळे व मन ह्या तिघांस एकत्र कामास लावणे हा आहे, हे तत्त्व आपण सर्वजण तोंडाने मान्य करतो. परंतु व्यवहाराकडे पाहिले तर निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. आपल्या नवी मुंबईतील कोणत्याही सेक्टरात स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पाहावे. तेथे ‘प्रोजेक्ट’ ह्या नावाखाली पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, मातीचा किल्ला, पवनचक्की, मानवी हृदय, जे हवे ते तयार मिळते. सायंकाळी पैसे दिले की सकाळी ती वस्तू मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून शिक्षकाच्या मेजावर येते, आणि शिक्षकही ती पाहून गुण देतो. ह्या व्यवहारात दुकानदारास पैसे मिळतात, मुलास गुण मिळतात, पालकांस स्वस्थता मिळते. शिक्षण मात्र कोणासच मिळत नाही.

ह्या रोगावर एक औषध सुचवावे असे बरेच दिवस मनात होते. ते प्रथमदर्शनी क्षुल्लक, किंबहुना पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि वाचकांनी थोडा धीर धरून माझे म्हणणे ऐकून घ्यावे अशी विनंती आहे. माझी सूचना ही की, आपल्या मुलामुलींनी वर्षातून एकदा तरी विमानाची एक प्लास्टिकची प्रतिकृती स्वतःच्या हातांनी जोडावी. आणि तीही सोपी न निवडता मुद्दाम अवघड निवडावी.

अशा प्रतिकृतींचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडात १९३६ साली ‘फ्रॉग’ ह्या खेळण्यांच्या नावाने ‘पेंग्विन’ मालिका निघाली व जोडावयाच्या प्लास्टिकच्या विमानांचे युग सुरू झाले. त्या मालिकेने १:७२ हे प्रमाण स्वीकारले, आणि ते आजतागायत लोकप्रिय आहे. ह्या प्रमाणात मूळ विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच होय. विद्यार्थ्यांनी हे गणित आपल्या परिसरास लावून पाहावे. उलव्याची टेकडी कापून व उलवे नदीचा प्रवाह वळवून जो नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला, ज्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व जेथून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली, त्याची पहिली धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. १:७२ ह्या प्रमाणात ती सुमारे ५१ मीटर भरेल. शाळेच्या मैदानात फक्कीने ती आखून पाहावी, म्हणजे प्रमाण हा शब्द पुस्तकातून उठून पायांखाली येईल.

आता, विमानांचे हे संच मुख्यतः दोन प्रकारचे असतात. मोठे कारखाने पोलादाचे साचे करवितात. ते साचे अतिशय महाग पडतात, परंतु त्यांतून असंख्य नग निघतात व प्रत्येक नग पहिल्याइतकाच रेखीव येतो. एका भागास बारीक खुंटी व दुसऱ्यास तिचे नेमके भोक असते. बोटांनी दाबले की दोन्ही अर्धुके ‘टक्’ असा आवाज करून बसतात. दुसरा प्रकार मर्यादित संख्येत काढलेल्या संचांचा. हे काम बहुधा छोट्या मंडळींचे असते. चेक प्रजासत्ताकात व युक्रेनमध्ये असे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांचे साचे पोलादापेक्षा मऊ द्रव्याचे असतात, त्यांत प्लास्टिक कमी दाबाने भरले जाते, आणि थोड्याच नगांनंतर साचा झिजू लागतो. त्यामुळे भाग जाड येतात. साच्याच्या फटींतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा त्यांच्या कडांना चिकटलेला असतो. कोठे पृष्ठभागावर खळगा पडलेला असतो. आणि जोडणीच्या खुंट्या तर नसतातच. बारीक सामान रेझिनमध्ये ओतलेले किंवा पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेले येते. सूचनापत्रक दोन-चार चित्रांचे असून ज्या ठिकाणी खरी अडचण आहे त्याच ठिकाणी ते मौन धरते.

मग असा संच कोणी का घ्यावा? पहिले कारण हे की, इतिहासातील पुष्कळ विमाने दुसऱ्या कोणत्याही वाटेने आपल्या मेजावर येतच नाहीत. मोठा कारखाना ‘स्पिटफायर’ पुन्हा पुन्हा काढतो, कारण ते सर्व जगात खपते. परंतु कुर्ट टँक ह्या जर्मन तज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे रचले गेलेले व १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले आपले ‘मारुत’ ज्यास हवे असेल, त्यास छोट्या कारागिरांकडेच पाहावे लागते. ज्या वस्तूस बाजारात मोठे गिऱ्हाईक नाही, तिची आठवण थोडी माणसे थोड्या साधनांनी जतन करतात, हा ह्यातील पहिला धडा होय.

आमच्या शाळेत गतवर्षी नववीच्या सहा मुलामुलींच्या एका गटाने ‘लायसँडर’ ह्या विमानाचा असाच एक संच दोन सत्रे खपून जोडला. ह्या विमानाचा मुंबईशी असलेला संबंध फार थोड्यांस ठाऊक असतो. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस चार ‘वापिटी’ विमानांवर उभी राहिली. पुढे १९४१ साली तिला लायसँडर विमाने मिळाली, ती मुंबई इलाख्यात जमलेल्या युद्धनिधीतून दिलेली होती. १९४२ च्या आरंभी स्क्वॉड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार ह्यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी ब्रह्मदेशात गेली. टेहळणीकरिता व सैन्याशी संपर्क ठेवण्याकरिता बनविलेल्या ह्या संथ विमानांस २५० पौंडांचे बाँब बांधून तिच्या वैमानिकांनी सयामच्या हद्दीतील जपानी विमानतळावर हल्ले केले. मजुमदार ह्यांस त्या कामगिरीबद्दल डी.एफ.सी. हे पदक मिळाले. ज्या शहरातील लोकांनी ह्या विमानांसाठी पैसे दिले, त्याच्याच खाडीपलीकडे राहणाऱ्या मुलांनी ती कशी होती हे हातांनी शिकावे, ही गोष्ट मला योग्य वाटली.

लायसँडरची रचनाही मोठी चमत्कारिक आहे. त्याचे पंख धडाच्या वर असून मुळाशी निमुळते, मध्ये रुंद व टोकाशी पुन्हा निमुळते होतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची लांबी ५० फूट, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे २१ सेंटिमीटर. हे एवढे मोठे पंख काचेच्या बैठकीच्या माथ्याशी येऊन मिळतात व खालून तिरप्या टेकूंनी तोलले जातात. प्रतिकृतीत ती काच म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिक. तेव्हा पंख, काच, टेकू व चाकांचे पाय ही चारही एकमेकांवर अवलंबून. एक किंचित चुकले की चारही चुकतात. खुंट्या असलेल्या संचात हे काम कारखाना करून देतो. येथे ते मुलांस स्वतः करावे लागले.

ते कसे केले हे थोडक्यात सांगतो, कारण माझा सर्व युक्तिवाद त्यावरच उभा आहे. प्रथम प्रत्येक भाग चौकटीच्या जाड दांड्यापासून करवतीने अलग करावयाचा. चिमटीने पिळून तोडला तर कड फाटते. नंतर पापुद्रा कानसून काढावयाचा. धडाची दोन अर्धुके काचकागदावर पाणी टाकून सपाट घासावयाची, आणि घासताना दर थोड्या वेळाने गोंद न लावता जुळवून पाहावयाचे. ‘गोंदाची बाटली शेवटी उघडा’ हा आमच्या गटाचा नियम होता. पंखांच्या मुळाशी बारीक भोके पाडून त्यांत पितळेची तार बसविली व कारखान्याने न दिलेल्या खुंट्या मुलांनी स्वतः निर्माण केल्या. दोन्ही पंखांचा कल सारखा राहावा म्हणून पुठ्ठा कापून एक बैठक केली व गोंद सुकेपर्यंत विमान तिच्यात ठेवले. प्लास्टिक प्लास्टिकास जोडणारा गोंद त्यास विरघळवून एकजीव करतो. परंतु रेझिन व पितळ ह्यांस तो चालत नाही, त्यांस झटपट चिकटणारा गोंदच लागतो. आणि तोच गोंद काचेजवळ वापरला तर त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. म्हणून काचेस साधा पांढरा गोंद लावावा लागतो. रसायनशास्त्राचा हा पाठ फळ्यावर शिकविला असता तर पंधरा दिवसांत विसरला गेला असता.

सांध्यांत उरलेल्या फटींस लांबी भरली, ती सुकल्यावर घासली, आणि मग अस्तराचा हात दिला. ह्या कामातील खरा परीक्षक म्हणजे हे राखाडी अस्तर. लांबी भरून घासलेला सांधा नुसत्या डोळ्यांस गुळगुळीत दिसतो. अस्तर बसताच प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खळगा, घाईने सोडलेली प्रत्येक फट उघडी पडते. आमच्या गटास अस्तर तीन वेळा द्यावे लागले. त्यात आपला पावसाळा आडवा आला. दमट हवेत फवाऱ्याचा रंग पांढरट पडतो, म्हणून जुलैचे कित्येक दिवस नुसती वाट पाहण्यात गेले. ज्या मुलांस पाणीपुरी मिळावयास दोन मिनिटे लागली तर चैन पडत नाही, ती मुले आकाश कोरडे होण्याची वाट पाहत स्वस्थ बसली, हेही मी शिक्षणातच जमा करतो.

ह्या कामात घडलेली एक लहानशी गोष्ट पालकांस मुद्दाम सांगतो. गटातील एका मुलाने उजवा पंख टेकूंसह नीट बसविण्यासाठी घरी नेला. दुसऱ्या दिवशी तो पंख परत आला तो इतका सुबक की सर्वांनी वाहवा केली. परंतु टेकूंचा कोन कसा साधला, असे इतरांनी विचारताच तो मुलगा गप्प झाला. कारण काम वडिलांनी केले होते, आणि ते अर्थातच प्रेमाने केले होते. डाव्या पंखाच्या वेळी कोणाचेही हात मदतीस नव्हते. तो त्याने चार वेळा बसविला व तीन वेळा काढला. विमान आज प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. निरखून पाहिल्यास डावा पंख उजव्यापेक्षा केसभर खाली दिसतो. पाहुण्यांस मी तो मुलगा दाखवीत नाही, पण तो पंख दाखवितो. कारण विमानाचा तो भाग शाळेचा आहे, दुसरा घरचा.

ह्या सूचनेवर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप खर्चाचा. परदेशी संच स्वस्त नसतो हे खरे. परंतु एक संच सहा मुलांस दोन सत्रे पुरला. इतके दिवस पुरणारी दुसरी करमणूक मला तरी माहीत नाही. कानस, काचकागद, चिमटा, पट्टी, सुती कापड ही साधने बहुतेक घरांत असतात. ज्यांस तेवढेही शक्य नाही त्यांनी पुठ्ठ्याचे वा लाकडाचे विमान स्वतः आराखडा आखून करावे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागविल्या, त्या लाकडाच्याच होत्या व १:७२ ह्याच प्रमाणाच्या होत्या. त्यांवरून वैमानिकांस व तोफांवरील गोलंदाजांस आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे ओळखावयास शिकवीत. म्हणून त्यांचा आकार तंतोतंत असणे अत्यावश्यक होते. मुलांच्या हातून काटेकोर काम होऊ शकते, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धाची यंत्रे मुलांच्या हाती खेळणी म्हणून द्यावीत काय? हा प्रश्न मलाही पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. माझे उत्तर असे की, जो मुलगा विमान उडवून ‘धडाम’ म्हणतो तो युद्धाशी खेळतो. परंतु जी मुलगी त्या विमानाच्या मागल्या आसनाची जागा मिलिमीटरने मोजते, ती त्या आसनावर एक माणूस बसत असे हे विसरू शकत नाही. आमच्या गटात ब्रह्मदेशाच्या त्या मोहिमेविषयी जे प्रश्न निघाले ते शौर्याचे थोडे व माणसांचे अधिक होते. शिवाय शांततेची विमाने पुष्कळ आहेत. ज्या ‘पस मॉथ’ विमानातून जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या विमानतळावर उतरले, त्याची प्रतिकृती कोणत्याही शाळेने अभिमानाने करावी.

तिसरा आक्षेप वेळेचा व परीक्षेचा. दहावीच्या वर्षी हे काम मी सुचविणार नाही. परंतु आठवी-नववीत आठवड्यातून दीड तास देता येत नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी मुलाच्या हातातील मोबाईलचा हिशेब एकदा पाहावा. धोक्याचा प्रश्न मात्र मी हलका मानीत नाही. धारदार पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे, रेझिन कोरडे कधीही घासू नये, ते पाण्याखाली घासावे व तोंडावर मास्क असावा, गोंद व रंग वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात, आणि मोठे माणूस खोलीत असावे. मोठ्या माणसाने खोलीत असावे, खुर्चीवर बसावे, हात मात्र मांडीवर ठेवावेत.

ह्यावरून शाळांस व पालकांस माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेने तयार वस्तूस गुण देणे बंद करून कामाच्या वहीस गुण द्यावेत. त्या वहीत कोणत्या दिवशी काय केले, काय चुकले, ते कसे ओळखले व कसे दुरुस्त केले, एवढेच असावे. दुकानात ज्वालामुखी विकत मिळतो, परंतु तीन महिन्यांच्या चुका विकत मिळत नाहीत. दुसरी, वार्षिक प्रदर्शनात अपुऱ्या व सदोष वस्तूही मांडाव्यात व त्यांच्याजवळ करणाऱ्यास उभे करावे. पाहणाऱ्यांनी वस्तूपेक्षा त्यास प्रश्न विचारावेत. तिसरी विनंती पालकांस. आपले मूल भाग न जुळल्यामुळे रडकुंडीस आले म्हणजे आपला जीव कळवळतो व हात पुढे होतो. तो हात कृपा करून मागे घ्यावा. ‘कोठे अडते आहे ते मला दाखव’ असे म्हणावे. दाखविता दाखविता अर्धे उत्तर त्यास आपोआप सापडते.

विद्यार्थिमित्रांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. आपल्या गावाजवळ विमानतळ झाला आहे. त्यासाठी ज्या गावांतील लोकांनी जमिनी व घरे सोडली, त्यांची काही मुले ह्याच वर्गांत बसतात. उद्या तुमच्यापैकी कित्येक त्या विमानतळावर कामास लागतील. कोणी विमानाची देखभाल करील, कोणी इंधन भरील, कोणी सामान चढवील. तेथे प्रत्येक खिळा तपासून कागदावर सही करावी लागते, आणि त्या सहीच्या भरवशावर शेकडो माणसे निर्धास्त झोपून प्रवास करतात. दोष दिसला असता तो लांबीखाली झाकावा की काम थांबवून सांगावा, हा प्रश्न त्या दिवशी एकाएकी सुटणार नाही. त्याचे उत्तर देण्याची सवय आजच, बारा सेंटिमीटरच्या धडावर, कोणी पाहत नसताना लागली पाहिजे.

म्हणून अवघड संच निवडा. भाग जुळला नाही म्हणजे कारखान्यास नावे ठेवू नका व स्वतःसही हिणवू नका. तो भाग उजेडाकडे धरा, कोठे टेकतो ते पाहा, तेवढेच घासा, आणि पुन्हा जुळवून पाहा.